मदत हवी आहे: पहाटे धावताना मिळणारा धीर दिवसभर कसा टिकवायचा?

बाबा गेल्यापासून देवापुढे बसलं की मन लागत नाही. डोळे मिटले की दवाखान्यातले शेवटचे दिवसच समोर येतात. झोप तर नव्हतीच, म्हणून पहाटे उठून धावायला लागले.

निघते तेव्हा अंधार असतो. सूर्य वर येत क्षितिजाच्या 6 अंश खाली पोहोचला की नागरी संधिप्रकाश सुरू होतो. दिव्याशिवाय पायवाट दिसते ती तेव्हापासून. पाखरं मात्र त्याच्याही आधी बोलायला लागतात. परवा दम लागला म्हणून कुंपणापाशी थांबले, तर तारेवर कोळ्याचं जाळं, प्रत्येक धाग्यावर दवाचे मणी. एक थेंब घरंगळला, सगळं जाळं थरथरलं आणि पुन्हा स्थिर झालं. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. रडू आलं, पण आतून कोणीतरी "आहे मी" म्हणाल्यासारखं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

अडचण पुढेच आहे. घरी येऊन अंघोळ होईपर्यंत ते सगळं विरून जातं, दुपारपर्यंत पुन्हा तीच पोकळी.

तुमच्यापैकी कोणी धावताना नामस्मरण करतं का? श्वासाच्या लयीत नाम बसवायला गेले की माझी धाप वाढते. की काहीच न म्हणता नुसतं ऐकत राहावं? आणि परतल्यावर लगेच कामाला न लागता काही करता का, लिहिणं, शांत बसणं? स्वतः अशा काळातून गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.