शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांसाठी ॲक्युपंक्चर : मदत हवी आहे

सस्नेह नमस्कार. माझ्या आईच्या गुडघ्याची सांधेरोपण शस्त्रक्रिया तीन आठवड्यांपूर्वी रत्नागिरीत झाली असून आता ती गुहागरला घरी आहे. पॅरासिटामॉलने रात्रीची कळ थांबत नाही आणि ट्रामाडॉल घेतले की तिला एवढी मळमळ होते की पेजही पोटात राहत नाही. त्यामुळे व्यायाम मागे पडला आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञ मंडळाने शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर ॲक्युपंक्चरचा (शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या चिनी उपचाराचा) उपयोग मान्य केला होता. मनगटाच्या आतील बाजूस, घडीपासून तीन बोटे वर असलेला बिंदू त्यासाठी वापरतात. सुयांना माझी हरकत नाही. चिनी काढ्यांना मात्र आहे, कारण दानशेनसारखी मुळी वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो आणि आईला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. (आमच्या निर्गुडीच्या शेकालाही डॉक्टरांनी तूर्त नकार दिला आहे.)

चिपळूण ते रत्नागिरी या पट्ट्यात महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी असलेले कोणी उपचारक आपल्या माहितीत आहेत का? अशी गोळी चालू असताना कोणी सुया टोचून घेतल्या असल्यास शल्यविशारदांनी कोणत्या अटी घातल्या होत्या, हेही कृपया कळवावे.