बिजिनेली अभिक्रियेत लिंबाचा रस: पद्धत खरोखर हरित ठरेल का?

प्रश्न (एम.एस्सी. द्वितीय वर्ष, सोलापूर)

प्रकल्पासाठी मी बेंझाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट आणि युरिया यांपासून डायहायड्रोपिरिमिडिनोन हे नायट्रोजनयुक्त वलयी संयुग करणार आहे. पिएत्रो बिजिनेली यांनी १८९१ मध्ये मांडलेल्या या अभिक्रियेच्या जुन्या कृतीत इथेनॉल आणि उत्प्रेरक म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन तासन्‌तास रिफ्लक्स करतात, म्हणजे वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडत उकळत ठेवतात. आपल्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येत असताना कंडेन्सरचे पाणी दिवसभर मोरीत जाते, हे मला पाहवत नाही. म्हणून आम्लाऐवजी लिंबाचा रस घेऊन, द्रावकाशिवाय अभिक्रिया करावी असे वाटते. परीक्षकांपुढे हे टिकेल का?

उत्तर १ (प्राध्यापक)

द्रावक वगळण्याचा विचार योग्य आहे. ही अभिक्रिया मुळातच काटकसरीची आहे. तिन्ही घटकांच्या सुमारे २९६ ग्रॅममधून फक्त पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात आणि २६० ग्रॅम पदार्थ हाती येऊ शकतो, म्हणजे अणू-काटकसर जवळजवळ ८८ टक्के भरते. मात्र लिंबाला श्रेय देण्याआधी उत्प्रेरक न घालता तोच प्रयोग करून पाहा. हे तिन्ही घटक नुसते १०० ते १०५ अंशांवर तासभर तापवले तरी चांगला उतारा मिळतो, असे कोलकात्याच्या संशोधकांनी २००२ मध्येच दाखवले आहे. शिवाय प्रत्येक लिंबाची आंबटता वेगळी असते, त्यामुळे सायट्रिक आम्ल तोलून घेतलेले बरे. तापवण्यासाठी घरगुती मायक्रोवेव्ह वापरावासा वाटला, तर त्यात मात्र ज्वलनशील द्रावक कधीही ठेवू नका.

उत्तर २ (चिंचोळी एमआयडीसीत प्रक्रिया-रसायनज्ञ)

सरांच्या मुद्द्याला एक जोड देतो. बेंझाल्डिहाइडच्या जुन्या बाटलीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक धरलेले दिसतात. ते हवेने तयार झालेले बेंझोइक आम्ल असते. ते तसेच फ्लास्कमध्ये गेले तर उत्प्रेरकाविना केलेल्या प्रयोगातही आम्ल असेल आणि तुमची तुलनाच फसेल. आधी सोड्याच्या द्रावणाने धुऊन, वाळवून, कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून घ्या.

दुसरे, खरा कचरा बहुधा अभिक्रियेनंतर होतो. रॉजर शेल्डन यांच्या ई-फॅक्टरनुसार औषधनिर्मितीत एका किलो मालामागे २५ ते १०० किलो कचरा निघतो आणि त्यात मोठा वाटा द्रावकांचा असतो. द्रावकाविना अभिक्रिया करून पुढे शुद्धीकरणासाठी कॉलमवर लिटरभर हेक्झेन हा द्रावक ओतला, तर कमावलेले सगळे तिथेच जाते. तापलेला द्रव घट्ट होऊन ढवळणारी चुंबकीय कांडी अडू लागली की तो ठेचलेल्या बर्फावर ओता, गाळा, थंड पाण्याने युरिया धुऊन काढा आणि गरम इथेनॉलमधून स्फटिक पाडा. वितळणबिंदू २०२ ते २०४ अंश आला, तर कॉलमची गरज नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. बाटलीच्या बुचाखाली खरोखरच पांढरा थर आहे. ऊर्ध्वपातनाच्या कंडेन्सरसाठी बादलीतले बर्फाचे पाणी छोट्या पंपाने फिरवत ठेवीन. पुढे युरियाऐवजी थायोयुरिया आणि ३-हायड्रॉक्सिबेंझाल्डिहाइड घेऊन, पेशीविभाजनातील ईजी५ प्रथिनाला रोखणारे मोनॅस्ट्रॉल याच रीतीने करून पाहायचे आहे. तिथेही उत्प्रेरकाविना प्रयोग आधी करीन.