गाबा मेंदूला नेहमीच शांत करते का? पेशीतील क्लोराइडविषयी एक शंका

खानापूरची शिक्षिका:
नमस्कार. मी खानापूर तालुक्यात पी.यू.च्या (अकरावी-बारावीच्या) वर्गांना जीवशास्त्र शिकवते. गाबा हे मेंदूतील प्रमुख निरोधक रसायन आहे, असे मी दरवर्षी सांगत आले आहे. माझ्या एका विद्यार्थिनीची मावशी बेळगावात नवजात शिशू विभागात परिचारिका आहे. गाबाचा प्रभाव वाढवणारे फेनोबार्बिटोन काही बाळांच्या झटक्यांवर अपुरे का पडते, असे त्या विद्यार्थिनीने विचारले. अपरिपक्व चेतापेशींत क्लोराइड जास्त असल्याने गाबाचा परिणाम उलटतो, असे वाचनात आले; पण रेणू तोच, ग्राही (गाबा ज्याला चिकटते ते पेशीवरचे प्रथिन) तोच, मग हे घडते कसे? ग्राही उघडण्यासाठी मी वर्गात हिडकल धरणाच्या दरवाजाचा दाखला देते.

टिळकवाडीकर:
मॅडम, दाखला चांगला आहे, पण येथे पुरणार नाही, कारण धरणाचे पाणी एकाच दिशेने जाते. क्लोराइडवर मात्र दोन ओढी असतात: बाहेर ते नेहमीच जास्त असल्यामुळे संहतीतील फरक त्याला आत ढकलतो, तर पेशीच्या आतला ऋण विद्युतभार त्याला बाहेर लोटतो. या दोन्ही ओढी ज्या विभवाला (पेशीच्या आत-बाहेरील विद्युतदाबाच्या फरकाला) समसमान होतात, त्याच्याकडे गाबाचा ग्राही पेशीला खेचतो.

बाहेर दर लिटरला क्लोराइड १२० मिलिमोल आणि प्रौढ पेशीत ७ मिलिमोल धरले, तर नेर्न्स्टच्या समीकरणाने शरीराच्या तापमानाला हे विभव सुमारे उणे ७६ मिलिव्होल्ट येते. विश्रांतीतील पेशी उणे ६५ ते उणे ७० च्या आसपास असते, म्हणून क्लोराइड आत शिरते आणि पेशी उंबरठ्यापासून, म्हणजे ज्या विभवाला ती संदेश सोडते त्यापासून, दूर जाते. आतले क्लोराइड २५ झाले, की तेच विभव सुमारे उणे ४२ होते. आता ग्राही उघडताच क्लोराइड बाहेर पडते आणि पेशी उंबरठ्याकडे सरकते. ग्राहीतील वाहिनीतून थोडे बायकार्बोनेटही जात असल्याने प्रत्यक्षातील आकडा किंचित कमी ऋण असतो.

आतली पातळी मुख्यतः दोन वाहक प्रथिने ठरवतात. एनकेसीसी-१ हे सोडियमच्या ओघावर क्लोराइड आत आणते, तर केसीसी-२ हे बाहेर जाणाऱ्या पोटॅशियमसोबत त्याला बाहेर काढते. वाढत्या मेंदूत केसीसी-२ उशिरा भरात येते, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने गाबाचे प्रौढ वर्तन त्याच्याशी जोडले.

निपाणीकर:
वरील मांडणी योग्य आहे, मात्र ‘विध्रुवण (विभव कमी ऋण होणे) म्हणजे उत्तेजन’ असा अर्थ विद्यार्थ्यांनी घेऊ नये. गाबाच्या वाहिन्या उघडल्या, की पेशीपटलाचा विद्युतरोध घटतो आणि त्याच वेळी येणाऱ्या उत्तेजक संदेशांचा जोर तेथेच गळून जातो. त्यामुळे विभव थोडे वर सरकले तरी निरोध टिकू शकतो; ते उंबरठ्याच्याही वर गेले, तरच गाबा स्वतः पेशी पेटवू शकते. वेळही महत्त्वाची आहे, कारण वाहिन्या मिटल्यावर उरलेले विध्रुवण पुढच्या उत्तेजक संदेशाला हातभारही लावते.

हा विषय केवळ बाळांचा नाही. चेतातंतूला इजा झाल्यावर मेरुरज्जूतील वेदनामार्गाच्या पेशींत केसीसी-२ घटते आणि निरोध ढिला पडतो, हे २००३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले होते.

खानापूरची शिक्षिका:
धन्यवाद सर. मग बाळांना एनकेसीसी-१ रोखणारे औषध देता येणार नाही का?

टिळकवाडीकर:
तसे औषध आहे: ब्युमेटॅनाइड, जे मूत्रल (लघवी वाढवणारे औषध) म्हणून जुनेच आहे. फेनोबार्बिटोनच्या जोडीने ते देण्याची युरोपातील एक चाचणी थांबवावी लागली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार झटक्यांवर पुरेसा लाभ दिसला नाही आणि काही बाळांच्या श्रवणावर परिणाम झाला. माझ्या मते यात आश्चर्य कमीच आहे, कारण हे औषध मेंदूत फार थोडे पोहोचते, तर एनकेसीसी-१ आतल्या कानातही काम करते. म्हणून आता केसीसी-२ ची क्षमता वाढवणाऱ्या रेणूंचा शोध चालू आहे. शिवाय ऑक्सिजनअभावी इजा झालेल्या बाळाच्या झटक्यांमागे क्लोराइडखेरीज इतरही कारणे असतात, तेव्हा फेनोबार्बिटोन अपुरे पडण्याचे सारे खापर क्लोराइडवर फोडू नये.