घरातल्या लॅब्राडॉरकडून मेंढ्या वळवून घेता येतील का?

माळरान: आमच्या घरी तीन वर्षांचा लॅब्राडॉर आहे. तो मुलांमध्ये वाढलेला असून ‘थांब’ म्हटले की जागच्या जागी थांबतो. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांच्या चित्रफिती पाहून माझ्या धाकट्या भावाने परवा त्याला वाड्याकडे परतणाऱ्या कळपामागे मोकळे सोडले. कुत्रा थेट मधोमध घुसला, कळप फुटला, काही मेंढ्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या आणि एका मेंढीच्या मांडीची लोकर त्याने तोंडात धरून ठेवली. एरवी एका हाकेसरशी येणाऱ्या या कुत्र्याने तेव्हा आमच्यापैकी कोणाचेच ऐकले नाही. रक्त कुठे दिसले नाही, त्यामुळे रोज सराव दिल्यास तो शिकेल, असे भावाचे म्हणणे आहे. ते खरे आहे का? आणि मेंढ्यांना अपाय झालेला नाही, असे मी समजावे का? कळपात काही गाभण आहेत.

वाड्यावरचा: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला उशीर चालणार नाही. रक्त दिसले नाही यावर मुळीच विसंबू नका. दात लोकरीतून आत जातात, कातडीवर बारीक छिद्र दिसते आणि आतला स्नायू मात्र फाटलेला असू शकतो. जिला तोंडात धरले होते तिची मांडी, कास, मान आणि कानामागचा भाग लोकर हातांनी विलग करून उजेडात तपासा. जखम सापडली तर ती केवळ धुऊन सोडून देऊ नका, पशुवैद्यांना दाखवा, कारण अशा खोल आणि बंद जखमांत धनुर्वातासारखे जंतू वाढतात. कोपऱ्यात दबलेल्या मेंढ्यांच्या बरगड्यांकडे आणि श्वासाकडे लक्ष ठेवा. जीव तोडून धावलेली मेंढी त्या वेळी ठीक दिसते आणि नंतर दगावते, असेही घडते. गाभण मेंढ्या काही दिवसांनीसुद्धा गाभडू शकतात. तसे झाल्यास पडलेला गर्भ उघड्या हाताने उचलू नका आणि घरातील गरोदर स्त्रीला तिथे जाऊ देऊ नका. गर्भपाताचे कारण कुत्रा नसून एखादा संसर्गही असू शकतो आणि त्यांपैकी काही संसर्ग माणसालाही होतात. तूर्त कळपाला पाणी, सावली आणि शांतता द्या. रवंथ न करता एकटी उभी राहणारी मेंढी दिसली, तर तिला आधी तपासा.

पाऊलवाट: पहिल्या प्रश्नाबद्दल लिहिते. मेंढ्या वळवणे हे मुळात शिकारीचेच वर्तन आहे, फक्त अर्ध्यावर थांबवलेले. रानटी कुत्रा सावज हेरतो, त्याच्यावर नजर रोखतो, दबकत पुढे सरकतो, पाठलाग करतो, धरतो आणि शेवटी मारतो. मेंढ्या वळवण्यासाठीच घडवलेल्या बॉर्डर कॉली या जातीमध्ये यातील नजर रोखणे आणि दबकणे हे भाग पिढ्यान्‌पिढ्या निवडून तीव्र केले गेले, तर धरणे आणि मारणे हे शक्य तितके मागे सारले गेले. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशरेषा इंग्लंडमधील नॉर्थंबरलंडमध्ये 1893 साली जन्मलेल्या ‘ओल्ड हेम्प’ या एका कुत्र्यापर्यंत जाते, यावरून ही निवड किती काटेकोर होती ते ध्यानात यावे. असा कुत्रा कळपात घुसत नाही. तो लांबून वळसा घालून पलीकडे जातो, मालकाच्या समोरच्या बाजूला उभा राहतो आणि मेंढ्या बुजतील पण उधळणार नाहीत इतकेच अंतर राखतो.

लॅब्राडॉर मात्र शिकाऱ्याने टिपलेला पक्षी तोंडात धरून आणण्यासाठी घडवलेला आहे. तुमच्या कुत्र्याने लोकर धरली ती वात्रटपणाने नव्हे. धरणे हेच त्याच्या जातीचे काम. सराव दिलात तर तो शिकेल हे खरे, पण मेंढ्यांमागे धावण्यात केवढी मजा आहे हेच शिकेल. कॉलीलासुद्धा मोठ्या कळपावर एकदम सोडत नाहीत. साधारण वर्षाचा होत आला की लांब दोरीने, लहान गोल आवारात, कुत्र्यांना सरावलेल्या मोजक्या मेंढ्यांवर त्याची सुरुवात होते आणि शिकवणारा माणूस दोघांच्या मध्ये उभा असतो.

रानोमाळ: थोडा मतभेद नोंदवतो. कसलेही शिक्षण न घेतलेली कुत्री कळपासोबत शांतपणे चालताना मी पाहिली आहेत.

पाऊलवाट: ती राखणदार कुत्री असावीत, आणि त्यांचे काम वेगळे आहे. ती अगदी पिल्लू असल्यापासून मेंढ्यांमध्ये वाढतात, कळपालाच आपला गोतावळा मानतात आणि लांडग्यावर भुंकतात, पण मेंढ्यांना वळवत नाहीत. ही ओढ पहिल्या काही महिन्यांतच जडते. तीन वर्षे घरात वाढलेल्या कुत्र्यात ती आता निर्माण करता येणार नाही.

माळरान: दोघांचेही आभार. मांडीवर दोन छिद्रे सापडली, पशुवैद्य आज येत आहेत. भाऊ आता म्हणतो की गाई अंगाने मोठ्या असल्यामुळे त्यांच्यावर प्रयोग केला तर धोका कमी.

वाड्यावरचा: उलट धोका माणसाला वाढतो. वासरू असलेली गाय कुत्र्यावर धावून जाते, घाबरलेला कुत्रा मालकाच्या पायांत शिरतो आणि गाय त्याच्या मागोमाग येते. शिवाय कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या निओस्पोरा या परजीवीमुळे गाई गाभडतात, म्हणून त्याला गव्हाणी आणि चाऱ्याच्या गंजीजवळही फिरकू देऊ नका.

वाड्यात आणण्यासाठी खुराकाची बादली वाजवून एका धीट मेंढीला मागे यायची सवय लावा, बाकीच्या तिच्या पाठोपाठ येतील. हाकायचेच असेल तर माणसाने हाकावे. मेंढीच्या खांद्याच्या मागच्या बाजूने जवळ गेल्यास ती पुढे जाते, खांद्याच्या पुढे आल्यास थांबते किंवा वळते. ती चालू लागली की आपण एक पाऊल मागे घ्यावे, तसेच रेटत राहिल्यास ती धावत सुटते. कुत्र्याला पाठलागाची चटक लागलेली असणार, तेव्हा मेंढ्या बाहेर असताना तो पट्ट्यावर किंवा कुंपणाआड राहू द्या आणि चेंडू आणून देण्याचे काम त्याला रोज भरपूर द्या.