प्राचीन गुहांपासून बनलेल्या तेलसाठ्याचे मॉडेल: कोसळलेली पोकळी ग्रिडमध्ये कशी दाखवावी?

प्रश्न — फोंड्याची विद्यार्थिनी

नमस्कार. मी भूविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रकल्पासाठी मी प्राचीन गुहांपासून तयार झालेल्या तेलसाठ्याचे एक लहान मॉडेल करीत आहे. त्यासाठी चुनखडीतील आजच्या एका गुहेचा प्रकाशित नकाशा घेतला, ती गुहा ५,००० मीटर खोल गाडली गेली आहे असे मानले, आणि ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद व ४ मीटर उंच अशा सेलची (खोक्यांची) ग्रिड, म्हणजे त्रिमितीय जाळी, तिच्यावर बसवली. गुहेची वाट सरासरी ५ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच आहे. ज्या सेलमधून वाट सरळ पार जाते तिथे १० टक्के सच्छिद्रता (खडकातील पोकळीचे प्रमाण) भरली आणि पारगम्यता (द्रव वाहू देण्याची क्षमता) सर्व दिशांना सारखीच वाढवली.

अडचण अशी आहे की मॉडेलमध्ये तळाचे पाणी अगदी हळूहळू वर सरकते आणि सगळ्या विहिरींमध्ये पाण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे थोडेथोडे वाढत राहते. अशा साठ्यांविषयी मी जे वाचले त्यात मात्र एका विहिरीत अचानक पाणी शिरते आणि शेजारची विहीर निव्वळ तेल देत राहते, असे वर्णन वारंवार येते. माझे नेमके कुठे चुकते आहे?

आणखी एक विचारते. सत्तरीला आजोळच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागायतीच्या) वरच्या अंगाला जांभ्यात एक भुयार आहे. पावसाळ्यात त्यातून झर वाहते, आणि पाच-सहा पावलांवर छत इतके खाली येते की पुढे रांगावे लागते. त्याची मोजमापे या मॉडेलला आधार म्हणून वापरता येतील का?

उत्तर — मडगावकर (तेलसाठ्यांच्या मॉडेलिंगचे काम करतो)

सेल १०,००० घनमीटरचा आणि त्यातील वाट १,००० घनमीटरची, म्हणजे १० टक्के हा तुमचा हिशोब बरोबर आहे. चूक झाली ती त्या आकड्यावरून पारगम्यता ठरवताना. ही सगळी पोकळी एका सलग नळीत आहे. तेवढीच पोकळी वाळूच्या कणांमध्ये विखुरलेली असती तर पाण्याला प्रत्येक कणाला वळसा घालत पुढे जावे लागले असते. दोन्ही ठिकाणी साठवण सारखी, पण वहन पूर्णपणे वेगळे. केवळ १ मिलिमीटर रुंदीच्या सपाट, स्वच्छ फटीची पारगम्यता रुंदीचा वर्ग भागिले १२ या सूत्राने सुमारे ८४,००० डार्सी (पारगम्यतेचे एकक) येते, तर १ डार्सीचा वालुकाश्म मिळाला तरी आम्ही तो उत्तम मानतो. ४ मीटर उंचीच्या मोकळ्या वाटेला डार्सीचा नियम, म्हणजे सच्छिद्र खडकातील संथ प्रवाहाचा नियम, लावण्यात अर्थच उरत नाही. तुम्ही पारगम्यता सर्व दिशांना सारखी पसरवल्यामुळे नळी पुसली गेली आणि तिच्या जागी ५० मीटर रुंदीचा सच्छिद्र पट्टा आला. त्यातून पाणी संथपणेच येणार.

यावर दोन मार्ग आहेत. मोकळ्या भागातील प्रवाहासाठी स्टोक्सचे आणि खडकासाठी डार्सीचे समीकरण एकत्र आणणारे स्टोक्स-ब्रिंकमन समीकरण वापरता येते, पण त्यासाठी ग्रिड फार बारीक करावी लागते. विद्यार्थ्याच्या संगणकावर झेपेल असा मार्ग म्हणजे वाट ही एक स्वतंत्र रेषा मानून तिला पाइपप्रमाणे सेलना जोडणे. वॉरेन आणि रूट यांचे १९६३ चे दुहेरी सच्छिद्रतेचे मॉडेल इथे ओढूनताणून वापरू नका. ते नियमित फटींच्या जाळ्यासाठी आहे, आणि गुहेत नियमितपणा नसतो.

मात्र मला त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. ५,००० मीटर खाली ती वाट मोकळी उरली आहे का? हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचे पाणी सौम्य आम्ल होते, चुनखडी विरघळवत फटी रुंदावते, आणि गुहा तयार होते. पुढे समुद्र परत येतो, वर गाळाचे थर साचतात, आणि वाढत्या भाराखाली छत कोसळते. टेक्सासमधील एलेनबर्गर खडकांसारख्या साठ्यांच्या आधारे रॉबर्ट लाउक्स यांनी १९९९ मध्ये हे फार स्पष्टपणे मांडले आहे: वर नुसता तडकलेला खडक, खाली विस्कळीत ढिगारा, आणि शेजारशेजारच्या वाटांचे ढिगारे एकमेकांना मिळून तयार झालेला शेकडो मीटर रुंदीचा पट्टा.

आता तुमच्याच वाटेचा हिशोब करू. कोसळलेला खडक मूळच्यापेक्षा २५ टक्के जास्त जागा व्यापतो असे गृहीत धरा. ४ मीटर उंचीची वाट भरून यायला तिच्यावरचा १६ मीटर जाडीचा खडक कोसळावा लागतो, कारण १६ मीटर खडक फुगून २० मीटर होतो; मग वर जागा उरत नाही आणि कोसळणे थांबते. म्हणजे ४ मीटरच्या पोकळीऐवजी २० मीटर उंचीचा, २० टक्के सच्छिद्रतेचा ढिगारा मिळाला. २० मीटरचे २० टक्के म्हणजे पुन्हा ४ मीटरच. पोकळी कुठेही गेलेली नाही, ती फक्त वर चढली आणि विखुरली. यातून गुहेतील मातीने आणि नंतर साचलेल्या कॅल्साइटने (चुनखडीच्याच खनिजाने) अडवलेली जागा वजा करायची. नकाशातील वाट जशीच्या तशी खाली नेल्यामुळे तुमच्या मॉडेलमध्ये तेल चुकीच्या उंचीवर आहे.

उत्तर — वास्कोचा निवृत्त मड इंजिनिअर

वरचे विवेचन योग्य आहे. मी रिगवरची, म्हणजे विहीर खोदण्याच्या ठिकाणची, बाजू सांगतो, कारण मॉडेल करणारी मंडळी आमचे रोजचे अहवाल क्वचितच उघडून पाहतात, आणि याची खंत मला नोकरीभर वाटत आली.

चुनखडीतल्या एका विहिरीवर रात्रपाळीत असताना बिट (खडक कापणारे टोक) एकदम दीड मीटर खाली गेले. हुकवरचे वजन काट्यावर झटकन वाढले, आणि मी टाक्यांकडे पळालो तोवर मडची, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या द्रवाची, पातळी डोळ्यांदेखत उतरत होती. पुढचे कित्येक तास आम्ही मड लॉस थांबवण्यासाठी हाताशी असेल ते सगळे आत सोडत होतो. त्या दीड मीटरचा कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) अर्थातच मिळाला नाही, आणि तिथल्या लॉगवरही (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदींवरही) विश्वास ठेवण्यासारखे काही नव्हते. नंतर सच्छिद्रतेचा तक्ता झाला तेव्हा तेवढा भाग ‘माहिती नाही’ म्हणून वगळला गेला आणि सरासरी उरलेल्या घट्ट खडकावरून काढली गेली. जिथे खडक नाही तिथे नमुनाही नसतो, आणि म्हणून सर्वांत महत्त्वाची पोकळीच हिशोबातून निसटते. बिट किती घसरले आणि मड किती गेले हे आकडे मॉडेलमध्ये घातलेच पाहिजेत.

मोकळी गुहा काय करू शकते याचे उदाहरण मेक्सिकोच्या सुवर्णपट्ट्यात आहे: तिथल्या सेरो अझुल ४ या विहिरीतून १९१६ मध्ये दिवसाला सुमारे २,६०,००० बॅरल तेल उसळले. आपल्या जवळचा, १९७४ मध्ये सापडलेला मुंबई हायचा साठाही चुनखडीतच आहे, पण तिथे विरघळून झालेली बारीक छिद्रे महत्त्वाची आहेत. माणूस उभा राहील अशा गुहांचे चित्र त्याला लावू नये.

उत्तर — डिचोलीचा गुहामापक

भुयाराविषयी लिहितो. त्याची मोजमापे या मॉडेलला घेऊ नका. आपल्याकडची जांभ्यातील भुयारे चुनखडीसारखी विरघळून झालेली नसतात; कठीण कवचाखालची मऊ माती पाण्याबरोबर वाहून गेली की तिथे पोकळी राहते. काही भुयारे तर कुळागराच्या पाण्यासाठी माणसांनीच खोदलेली असतात. बॅटरी भिंतीला समांतर धरून प्रकाश टाका, कुदळीचे तिरके घाव असतील तर लगेच दिसतील. मोजणीचा हात बसवायला मात्र ते भुयार उत्तम आहे: ठरावीक अंतरावर थांबून डावी, उजवी भिंत, छत आणि तळ मोजत जा.

चुनखडीचा आधार हवा असेल तर आंध्र प्रदेशातील बेलम गुहा पाहा. तिची लांबी ३,२२९ मीटर नोंदलेली आहे. पण कोणत्याही गुहेच्या नकाशात माणूस शिरू शकतो तेवढ्याच वाटा येतात. हात जेमतेम आत जाईल अशा फटी नकाशाबाहेर राहतात, पाणी मात्र त्यांतूनही जाते. म्हणून नकाशातील वाटांभोवती अशा बारीक फाट्यांसाठी वेगळी तरतूद ठेवावी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे बिट घसरल्याची एक काल्पनिक नोंद घातली, वाटेचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेवून पाइपसारखा जोडला, आणि उरलेल्या भागात २० मीटरचा ढिगारा भरला. आता दुसऱ्या विहिरीत पाणी एकदम येते आणि तिच्या शेजारच्या तिसरीत येत नाही. पण मोकळा भाग थोडा सरकवला की विहिरींची अदलाबदल होते. सिस्मिकवरून, म्हणजे जमिनीत सोडलेल्या कंपनतरंगांच्या परावर्तनावरून, मोकळ्या भागाची जागा पक्की करता येईल का?

उत्तर — मडगावकर

एकट्या सिस्मिकवरून नाही. त्या खोलीवर चुनखडीत तरंगांचा वेग सेकंदाला ६,००० मीटर आणि वारंवारता ३० हर्ट्झ धरली तर तरंगलांबी २०० मीटर येते, आणि तिच्या चौथ्या भागापेक्षा, म्हणजे ५० मीटरपेक्षा, कमी जाडीच्या गोष्टीचा माथा आणि तळ वेगळा ओळखता येत नाही. चीनच्या तारीम खोऱ्यातील ताहे क्षेत्रात ५,००० मीटरपेक्षा खोल, ऑर्डोव्हिशियन या अतिप्राचीन कालखंडातील चुनखडीतल्या गुहा सिस्मिकवर मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. त्या माळेची उंची म्हणजे गुहेची उंची नव्हे, तरंगाच्या स्वतःच्या लांबीमुळे ती तशी ताणलेली दिसते. मणी जागा सुचवतो; आत मोकळी वाट आहे की ढिगारा, हे तो सांगत नाही.

म्हणून एकाच मॉडेलवर थांबू नका. मोकळे भाग वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून शंभरेक मॉडेले करा, त्यांतले एक बाजूला काढून तेच खरे भूगर्भ माना, आणि त्यात एक विहीर बंद करून शेजारच्या विहिरींचा दाब किती वेळाने बदलतो ते नोंदवा. उरलेल्या मॉडेलांपैकी हा दाब जुळवणारी ठेवा, बाकीची टाका. उरलेल्यांमध्ये मोकळी वाट कितीदा एकाच जागी येते हे मोजलेत, तर परीक्षकांसमोर मांडायला तुमच्याकडे प्रामाणिक आकडा असेल.