कर्ज फेडून होईपर्यंत बायकोला सांगू नये, यात एवढं काय चुकलं?

हिशेबनीस

ऑफिसमधल्या एका मित्राचा प्रश्न आहे. त्याला विचारून आणि तपशील थोडे बदलून इथे मांडतोय.

वय ३८, पुण्यात नोकरी, हातात पगार ७४,००० येतो. त्यातले २६,००० घराच्या हप्त्याला जातात. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी तिसरीत. शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये (भाव पुढे चढेल की पडेल यावर लावलेले सौदे) हात पोळले आणि तोटा भरून काढायला कार्ड वापरलं. आज कार्डावर २,४०,००० थकले आहेत आणि एका अ‍ॅपवरून घेतलेलं १,१०,००० चं पर्सनल लोन वेगळं आहे. घरी यातलं काहीच माहीत नाही. ट्रेडिंग खातं आता बंद केलंय. शनिवार-रविवारी बाहेरची कामं घेतो आणि दिवाळीचा बोनस त्यात टाकणार आहे. दोन वर्षांत सगळं संपवायचं आणि मग निवांतपणे बायकोला सांगायचं, असा त्याचा बेत आहे.

मी त्याला म्हटलं, बरोबर करतोयस. कर्ज त्याने एकट्याने घेतलंय, तिची कुठे सही नाही. सांगून काय होणार? तिची झोप उडेल, हप्ता काही कमी होणार नाही. शिवाय आपल्याकडे नवरा-बायकोतली गोष्ट दोघांत राहते कुठे? आज तिला सांगितलं की उद्या माहेरी कळतं, परवा मेहुणा फोन करून 'काही लागलं तर सांगा हं' म्हणतो. ते 'हं' कार्डाच्या व्याजापेक्षा महाग पडतं.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. बायकांनी डाळीच्या डब्यात नवऱ्याला न सांगता पैसे साठवले की तिचं केवढं कौतुक होतं. नवऱ्याने न सांगता कर्ज फेडलं की तो मात्र फसवणारा. असं का?

मोगरा

डाळीच्या डब्यातले पैसे अडचणीच्या दिवशी घराच्या उपयोगी पडतात. कार्डावरचे पैसे त्याच दिवशी घराकडे मागायला येतात. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने मित्राला सल्ले देऊ नयेत. स्पष्ट बोलते, राग मानू नका.

कोल्हापुरी झटका

हिशेबनीस यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या नात्यात एका काकांनी प्रामाणिकपणे सगळं सांगून टाकलं होतं. कर्ज चार वर्षांत फिटलं, पण टोमणे अजून चालू आहेत. भाजी महाग आणली तरी विषय तिथेच जाऊन पोहोचतो. सत्य बोलल्याने नातं घट्ट होतं वगैरे लेखात वाचायला बरं वाटतं.

निवृत्त शाखाधिकारी

सहकारी बँकेत कर्ज खात्यावर आयुष्य गेलं. भावनांचं तुम्ही बघा, मी आकडे मांडतो.

कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. २,४०,००० वर ८,४०० होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,५१२. एकूण ९,९१२. मिनिमम ड्यू, म्हणजे महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम, म्हणून तुमच्या मित्राने १२,००० भरले तर मुद्दलातून सुटतात फक्त २,०८८. दर महिन्याला बारा हजार भरणारा माणूस स्वतःला 'फेडतोय' समजत असतो. प्रत्यक्षात तो जागच्या जागी धावतोय.

आता तेवढीच रक्कम सोनेतारणावर, १० टक्क्यांच्या आसपास घेतली तर महिन्याचं व्याज २,०००. फरक जवळपास आठ हजारांचा. म्हणजे गप्प बसण्याचं भाडं महिन्याला आठ हजार रुपये.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. मध्यमवर्गीय घरात स्वस्त पैसा ज्या ज्या ठिकाणी असतो, तिथे जोडीदाराचं नाव किंवा निदान जोडीदाराचं लक्ष असतं. सोनं तिचं. एफडी दोघांच्या नावावर. गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे वरचं जादा कर्ज, घ्यायचं तर ती सहकर्जदार, तिची सही हवी. भावाकडे मागावं तर वहिनीकडून तिला कळणार. लपवायचं ठरवलं की हे सगळे दरवाजे बंद होतात आणि उघडे राहतात ते फक्त कार्ड आणि अ‍ॅप. ज्यांना कुणालाही विचारावं लागत नाही, तेच सगळ्यात महाग.

एक विनंती. त्याला सांगा, न विचारता तिच्या बांगड्या घेऊन कुठल्या शाखेत जाऊ नकोस. अशी माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत. दागिने परत सोडवण्याआधी घरात लग्न निघतं आणि मग कपाट उघडलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय की स्त्रीधनावर संपूर्ण हक्क बायकोचा आहे, ती दोघांची सामाईक मालमत्ता नाही. नवऱ्याने अडचणीत ते वापरलं तर परत करणं ही त्याची नैतिक जबाबदारी आहे.

हिशेबनीस

काका, आकडे मान्य, पण निष्कर्ष नाही. महाग कार्ड बंद करायला सोनंच कशाला हवं? त्याची नोकरी पक्की आहे. १५ टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन घेतलं तर २,४०,००० चा हप्ता ८,३२० च्या आसपास बसतो. तुम्ही सांगितलेल्या व्याज-जीएसटीपेक्षा कमी आणि मुद्दल पण संपतं! त्याला बायकोची सही लागत नाही. म्हणजे दोष कार्डाचा आहे, गुप्ततेचा नाही.

निवृत्त शाखाधिकारी

हिशेब बरोबर आहे. फक्त १५ टक्क्यांनी त्याला देणार कोण, तेवढं सांगा. कार्ड मर्यादेला टेकलेलं, वर अ‍ॅपचं कर्ज, त्यात घराचा हप्ता. हे सगळं सिबिलच्या, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात दिसतं. त्याचा स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत सांगणारा आकडा, आत्ता कुठे आहे हे तरी त्याने पाहिलंय का? वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आधी तो काढायला सांगा. चांगला निघाला तर तुमचा मार्ग जरूर घ्यावा, माझी ना नाही.

मोगरा

समजा मिळालं लोन. कार्ड रिकामं झालं. आता रिकामं कार्ड, बाजार चालू असलेली एखादी दुपार आणि घरात कुणालाच काही माहीत नाही. कोण बघणार?

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्यातल्या किती जणांनी 'आता बंद केलं' म्हणून परत सुरू केलं असेल, ते मी सांगू शकत नाही, पण अंदाज तुम्हीही करू शकता. खातं बंद करणं हे फोनवरचं काम आहे, उघडणं पण फोनवरचंच.

आणि तिची बाजू एकदा मांडू द्या. ती बिचारी उन्हाळ्याच्या सुट्टीत केरळला जायचं ठरवत असेल. मुलीला वेगळ्या शाळेत घालायचं मनात असेल. फ्रिज बदलू म्हणत असेल. ती हे सगळं एका अशा घराच्या भरवशावर ठरवतेय जे अस्तित्वात नाही. नवरा कर्ज लपवतोय असं तुम्ही म्हणता, मला वाटतं तो तिच्याकडून चुकीचे निर्णय करवून घेतोय. वर ती केरळचं म्हणाली की हा कुरकुरणार, आणि तिला वाटणार की नवरा कंजूष झालाय.

कोल्हापुरी झटका

केरळचा मुद्दा लागला. पण ताई, तुमच्या हातात पगार आहे म्हणून तुम्ही हे बोलताय. ऐकून घेणारी बायको सगळ्यांना मिळत नाही.

सोलापूरची सून

आणि ऐकून घेणारा नवराही सगळ्यांना मिळत नाही, भाऊ. इथे सगळे नवऱ्याच्याच कर्जावर बोलताहेत म्हणून लिहिते.

मी बचत गटांबरोबर काम करते. आमच्याकडे लपवणाऱ्या बहुतेक बायकाच. मायक्रोफायनान्सचं, म्हणजे तारण न ठेवता मिळणारं छोटं कर्ज घेतात. पोरीची फी, आईचं ऑपरेशन, कधी नवऱ्यानेच केलेली दारूच्या दुकानाची उधारी. आठवड्याला हप्त्याची मीटिंग एकीच्या अंगणात भरते. सगळ्या गल्लीला माहीत असतं, फक्त घरातल्याला नसतं. नियम कागदावर चांगला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत पूर्ण कुटुंबाचं उत्पन्न धरतात, वर्षाला तीन लाखांपर्यंत, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. म्हणजे नियम नवरा-बायकोला एक धरतो. आणि घरात ती दोघं हिशेबाला एक नसतात.

यातल्या एकीला मी 'नवऱ्याला सांग' असं कधीही म्हणणार नाही. सांगितलं तर मार खाईल, किंवा उरलेले पैसे हिसकावून नेले जातील. अशा ठिकाणी लपवणं म्हणजे जीव वाचवणं. आम्ही तिला गटातून थोडं थोडं घेऊन एक-एक कर्ज बंद करायला मदत करतो. एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून भरायचा नाही, एवढी एकच अट घालतो.

पण पुण्यातल्या साहेबांना कशाची भीती आहे? मार बसण्याची नाही. मान खाली जाण्याची आहे. दोन्हीला एकच 'भीती' म्हणू नका, एवढंच म्हणणं आहे.

वकिली चष्मा

कायद्याचं थोडं, कारण 'तिची सही नाही' हे वाक्य अर्धंच खरं आहे.

बायको सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर तिच्या पगारातून वसुली होत नाही, बरोबर. पण माणूस गेला तर घेणेकरी त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेकडे वळतात. वारस स्वतःच्या खिशातून देणं लागत नाहीत, पण वारसा म्हणून जे मिळालं त्या मर्यादेपर्यंत जबाबदार असतात. त्या दिवशी तिला कर्जाची बातमी कळणार आणि विचारायला समोर कुणी नसणार. त्याचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तर घरच्यांना पैसे देणारा विमा, आहे का? नवा घ्यायचा असेल तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली, बायको-मुलीच्या लाभासाठी घ्यावा. फॉर्म भरतानाच ते लिहायचं असतं. त्या पैशावर सहसा घेणेकऱ्यांना हात टाकता येत नाही. सांगो वा न सांगो, हे त्याने या महिन्यात करावं.

दुसरं, हप्ता चुकला तर. खात्यात पैसे नसल्याने ऑटो-डेबिट (खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता) परत गेलं तर चेक बाउन्ससारखाच फौजदारी खटला होऊ शकतो, २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५. त्याची नोटीस घरी येते, पोस्टाने. दुपारी घरी कोण असतं? शाळा सकाळची असेल तर तीच. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, घरच्यांना त्रास द्यायचा नाही, हे नियम आहेत. अ‍ॅपने फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट वाचायची नाही, हाही नियम आहे. बेकायदा अ‍ॅपवाले कुठलाच पाळत नाहीत. पहिला फोन तिच्या मुख्याध्यापिकेला गेला तर काय, याचा विचार मित्राने केलाय का?

दोन वर्षांच्या बेतात एकही हप्ता चुकणार नाही, हे गृहीत धरलंय. मला तेच सगळ्यात नाजूक वाटतं.

हिशेबनीस

नोटिशीचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, खरं आहे. विम्याचं त्याला आजच सांगतो.

तरीही एक सांगा, तो सांगणार कसा? जेवताना? मुलगी समोर असते. ती 'किती?' विचारणार आणि तो एक लाख कमीच सांगणार. मी त्याला ओळखतो.

निवृत्त शाखाधिकारी

म्हणून आधी अहवाल काढा म्हटलं. छापून हातात द्या. त्यात रक्कम, हप्ते, चुकलेल्या तारखा, सगळं असतं. तोंडाने एक लाख कमी सांगता येतो, कागदावर येत नाही. त्याच कागदाच्या मागे पुढच्या सहा महिन्यांचा हप्त्यांचा तक्ता लिहा. नुसती कबुली देऊ नये, समोरच्याच्या हातात काहीतरी करायला द्यावं. ती शिक्षिका आहे, तक्ता तीच दुरुस्त करेल बघा.

मोगरा

+१. आणि सांगताना 'तुला त्रास नको म्हणून लपवलं' हे वाक्य बोलू नका. त्याने डोकं जास्त फिरतं.

कोल्हापुरी झटका

मी अजून माझ्या मताला धरून आहे. दोन वर्षं नाही, सहा महिने गप्प राहावं, निम्मं फेडावं, मग सांगावं. निम्मं फेडलेल्या माणसाचं ऐकून घेतात.

सोलापूरची सून

हे मात्र पटण्यासारखं आहे. फक्त ते सहा महिने मोजणार कोण?

हिशेबनीस

मित्राला धागा पाठवला. सगळं वाचलं म्हणाला. विम्याचा फॉर्म मागवलाय, अहवालही काढतोय. आणि म्हणाला, गणपती होऊ देत, मग सांगतो.

मोगरा

कुठल्या वर्षीचे?