इंग्लंडला चाललोय – मासे गरवताना एका माणसाने किती रॉड लावायचे, याला कायदा आहे का?

नेरूळकर_काका:

नमस्कार मंडळी. मे महिन्यात मुलीकडे इंग्लंडला चाललोय, रेडिंगला. ऑगस्टअखेरपर्यंत मुक्काम आहे. तिच्या घरापासून थेम्स नदी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिने काठावरचे फोटो पाठवले तेव्हापासून मी रॉड पुसायला काढलेत. पण जावई फोनवर म्हणाले, “बाबा, इथे लायसन्स लागतं, आणि एका माणसाने किती रॉड लावायचे तेही ठरलेलं असतं.” बाकी त्यांना काही सांगता येईना, त्यांना या विषयात गोडी नाही.

आपल्याकडची माझी पद्धत अशी. सारसोळे जेट्टीवर भरती चढायला लागली की मी चार रॉड लावतो. दोन शिंगाळ्यासाठी, शिसं लावून तळाला. एक जिताड्यासाठी, जिवंत कोळंबी लावून. चौथा हातात, बोय किंवा जे येईल ते. कठड्याला टेकवलेल्या तिन्ही रॉडना घुंगरू बांधलेलं असतं. इतकी वर्षं गरवतोय, कुणी येऊन “चार का?” असं विचारलं नाही. तर तिथे नेमका किती रॉडचा नियम आहे? पिशवीत जास्तीचे असले तर चालतात का? मासा घरी आणता येतो का? आणि आपल्या खाडीला असा काही नियम आहे का, हेही कुणाला ठाऊक असेल तर सांगा. इथे विचारत नाहीत म्हणजे नियमच नाही, असं मी धरून चालत नाही.

नौपाड्याचा_गळवाला:

काका, मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं रेडिंगजवळच होतो, केनेट नदीवर आणि आसपासच्या तळ्यांवर बसायचो. रॉडच्या आधी तारखा बघा. इंग्लंडमध्ये नद्यांवर १५ मार्च ते १५ जून, दोन्ही दिवस धरून, कार्प, रोच, पर्च, पाईक, बार्बेल या माशांची मासेमारी बंद असते. त्यांचा अंडी घालण्याचा काळ सांभाळण्यासाठी ही बंदी आहे. म्हणजे तुम्ही मेमध्ये पोचलात तरी थेम्सवर १६ जूनला गळ टाकायचा. तोवर तळी आहेत. बहुतेक तळ्यांवर ही बंदी नसते, पण ज्याचं तळं त्याचे नियम, तेव्हा आधी विचारून जा.

आता रॉड. परवाना एन्व्हायर्न्मेंट एजन्सी ही तिथली सरकारी पर्यावरण संस्था देते, ऑनलाइन मिळतो, १३ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला लागतो. एका दिवसाचा, आठ दिवसांचा आणि वर्षाचा असे प्रकार आहेत. एक आणि आठ दिवसांच्या परवान्यावर दोन रॉड. वर्षाचा घेताना दोन रॉडचा की तीन रॉडचा हे निवडायचं. तुमचा चौथा रॉड एका परवान्यात बसत नाही. ट्राउट किंवा सामन धरायचा असेल तर आणखी कडक आहे: नदी, ओढा, कालवा यांवर एकच रॉड आणि तळ्यावर दोन. सामनचा परवानाही वेगळा. पिशवीत जास्तीचे रॉड असले तर काळजी नको, मोजतात ते पाण्यात लावलेले.

पण काका, आकड्यापेक्षा त्याच्यासोबतच्या दोन अटी नीट लक्षात घ्या. पहिली अट: एकापेक्षा जास्त रॉड लावले तर पहिल्या आणि शेवटच्या रॉडच्या मुठींमधलं अंतर तीन मीटरच्या वर जाता कामा नये. दुसरी: गळ पाण्यात असताना रॉड सोडून जायचं नाही. चहा आणायला, मोबाइल गाडीत राहिला म्हणून, कशासाठीही नाही. जायचं असेल तर दोरी गुंडाळायची. अधिकारी तपासायला येतात तेव्हा परवाना तर बघतातच, पण तुम्ही रॉडपासून किती लांब बसलाय तेही बघतात. विनापरवाना धरलं तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

या अटी मला मनापासून पटलेल्या आहेत. रॉडजवळ माणूस असला की ओढ लागताच तो झटका देतो आणि गळ माशाच्या ओठात बसतो. माणूस लांब असला की मासा आमिष गिळतो आणि गळ घशाच्या आत जातो. तो उपटून काढला तर कल्ले फाटतात. मग सोडून दिलेला मासा पोहत गेलेला दिसतो खरा, पण जगत नाही. तळ्यावर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसायचे, दोन रॉड लावून. एका रॉडला कार्प लागला की ते मला आधी हाक मारायचे ती दुसरा रॉड गुंडाळायला. लागलेला मासा दुसऱ्या दोरीत शिरला की दोन्ही दोऱ्या तुटतात आणि मासा तोंडात गळ, मागे वीस हात तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) घेऊन फिरतो. ते मासा काठावर आणायचे तेव्हा खाली ओली चटई अंथरलेली असायची, हातही ओले करायचे, कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. गळ काढायची चिमट्यासारखी कांडी शर्टाच्या खिशात. हे सगळं दोन रॉडवर जमतं. चार रॉडवर एकट्या माणसाला जमणं कठीण.

घरी न्यायचं म्हणाल तर नदीतून दिवसाला एक पाईक नेता येतो, तोही ६५ सेंटिमीटरपर्यंतचा. ग्रेलिंग दोन, ३० ते ३८ सेंटिमीटरचे. रोच-पर्च वगैरे लहान मासे २० सेंटिमीटरपर्यंतचे, पंधरापर्यंत. मोठे मासे परत पाण्यात. हे नेतानाही काठाच्या मालकाची हरकत नको. आणि परवाना मिळाला म्हणजे कुठेही बसता येतं असं नाही. काठ क्लबचा किंवा कुणाच्या तरी मालकीचा असतो, त्यांचं दिवसाचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं. समुद्रावर गेलात तर हा रॉडचा परवाना लागत नाही.

दिवाळ्याचा_कोळी:

काका, आपल्या खाडीचं मी सांगतो. आमचं घर दिवाळ्याला, होडी बेलापूरच्या खाडीत.

राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१चा, तो मुख्यतः नौकांना धरून आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते ती याच कायद्याखाली. किनाऱ्यावर उभं राहून गरवणाऱ्याच्या दांड्या मोजायला आलेला माणूस मी तरी पाहिला नाही. पण म्हणून काहीही चालतं असं नाही. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष घालून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. ऐरोलीकडे जात असाल तर ठाणे खाडीतला फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ साली जाहीर झालाय आणि २०२२ पासून तो रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही आहे. तिथे वन्यजीव कायदा लागतो, गळ घेऊन शिरायचं नाही. ठाण्यातल्या तलावांवर जाल तर काठावरचा फलक वाचा. मासे ठेक्याने दिलेले असतील तर ते ठेकेदाराचे.

आता कायद्याच्या पलीकडचं, आणि हे मी कळकळीने लिहितोय. जेट्टी ही आमची मासळी उतरवायची जागा आहे. ओहोटी लागायच्या आत होडी लावायची असते, आणि तिथे एकेक माणूस चार-चार दांड्या लावून बसलेला असतो. नुसता माणूस बाजूला होतो, दांड्या आणि दोऱ्या होत नाहीत. त्यात तळाला अडकलेला तंगूस लोक तोडून तसाच सोडतात. तो होडीच्या पंख्याला लागला की पंख्याच्या दांड्यावर इतका आवळून बसतो की इंजिन बंद करून, ओहोटीला मांडीभर चिखलात उभं राहून सुरीने एकेक पदर कापावा लागतो. वर शिसं आणि गळ हाताला लागतात ते वेगळंच. बगळ्याच्या पायात तंगूस गुंतून पक्षी खारफुटीला लटकलेला माझ्या आईने सोडवलाय. तुम्ही चारच्या दोन दांड्या केल्यात तर आम्हाला होडी लावायला जागा होते आणि खाडीत तंगूस कमी राहतो. तुटलेला तुकडा हाताला लागेल तेवढा खिशात घालून घरी न्या.

आणि जिताड्याचं. जिताडा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. वीतभर जिताडा पिशवीत टाकला तर त्याची मादी व्हायची वेळच येत नाही. पावसाच्या तोंडाला तर लहान जिताडे सोडूनच द्या. आमच्या वडिलांनी या खाडीत जेवढा जिताडा बघितला तेवढा आता मिळत नाही.

खारघरची_वहिनी:

माझे यजमान गरवतात, म्हणून वाचत होते. माझा भाऊ कॅलिफोर्नियात आहे, तिथली माहिती देते. तिथे नदी-तळ्यावर परवान्यावर एकच रॉड, दुसरा लावायचा तर वेगळे पैसे भरून दुसऱ्या रॉडची परवानगी घ्यायची. सार्वजनिक धक्क्यावरून समुद्रात गळ टाकायला परवाना लागत नाही, पण तिथेही माणशी दोनच रॉड. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला गोड्या पाण्यात दोन आणि खाऱ्या पाण्यात चार. म्हणजे काका, तुमचे चारही चालतील अशी जागा जगात आहे, फक्त मुलगी तिथे राहत नाही.

नेरूळकर_काका:

सगळ्यांचे आभार. गळवाले, १६ जूनची तारीख तुम्ही सांगितली नसती तर मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर गेलो असतो. आठ दिवसांचा नको, मुक्काम मोठा आहे. वर्षाचा दोन रॉडचा घेतो, तिसऱ्याचा मोह नको. दिवाळेकर, जेट्टीबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटलं. या शनिवारपासून सारसोळ्यालाही दोनच. मी टोकाला बसेन, पायऱ्यांपाशी नाही. शेजारी बसणाऱ्या मंडळींनाही सांगतो, एकदोघं तरी ऐकतील.

एकच शंका राहिली. रॉड आणि हातजाळं इथूनच नेलं तर चालेल ना?

नौपाड्याचा_गळवाला:

रॉड-रील न्या. जाळं मात्र तिथेच विकत घ्या. एका पाण्यातले जीव आणि रोग दुसऱ्या पाण्यात जाऊ नयेत याबाबत तिथली मंडळी फार दक्ष असतात. “चेक, क्लीन, ड्राय” (तपासा, स्वच्छ करा, वाळवा) असे फलक काठाकाठाने दिसतील. बरेच क्लब बाहेरचं जाळं तळ्यावर वापरूच देत नाहीत, स्वतःचं देतात. खाडीत वापरलेले बूट आणि रील इथेच गोड्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवा, मग बॅगेत भरा. मुलीला आत्ताच सांगून रेडिंगमधल्या क्लबांची नावं आणि त्यांचे दिवसाच्या तिकिटाचे नियम मागवून घ्या. ती यादी मिळाली की इथे टाका, मी कुठल्या काठावर काय लागतं ते सांगतो.